उद्याच्या शहरातली पाणंद

"तू नको," म्हातारा माझ्याकडे न बघताच म्हणाला. "नकाशावर रेघ कोण मारतो? त्याने खायचं."

आमच्याबरोबर आलेल्या ज्युलियसने ते आम्हाला इंग्रजीत सांगितलं आणि उगाचच डोक्यावरची टोपी सारखी केली. मी पुढे केलेला हात मागे घेतला.

उपळेकर सर जमिनीवर मांडी घालून बसले होते. यजमानांनी बसायला बुटकं लाकडी स्टूल दिलं होतं, पण "मला खालीच बरं पडतं" म्हणून त्यांनी ते बाजूला सारलं होतं. त्यांच्या पुढ्यात हिरव्या डहाळ्या अंथरल्या होत्या आणि त्यांवर विस्तवावरून नुकतंच उतरवलेलं बकऱ्याचं मांस. माणूस कसा, तर विमानात शेजारच्याने ऑम्लेट उघडलं म्हणून पुढचा सगळा वेळ खिडकीबाहेर बघत बसलेला. पुण्याहून निघताना त्यांच्या सामानात कपडे कमी आणि भाजणी, मेतकूट, छोटा कुकर हेच जास्त होतं. आणि आता वस्तीतले सगळे कर्ते पुरुष गोल करून त्यांच्या हाताकडे बघत होते.

"सर, मी सांगते त्यांना, आमच्यात चालत नाही म्हणून," मी मराठीत कुजबुजले.

"थांब जरा."

"मग डॉक्टरांनी मनाई केलीय म्हणू?"

"शब्द द्यायला आलोय ना आपण? मग त्याची सुरुवात खोट्याने कशाला करायची?" सर म्हणाले. आवाज नेहमीचाच होता, पण कपाळावर घाम होता.

मी घोरपड्यांची. कोल्हापूरची. आमच्या घरी रविवारी मटण शिजलं नाही तर शेजारी विचारायला येतात, घरात कुणी आजारी आहे का. त्यांच्याऐवजी मी खाल्लं असतं तर सगळ्यांचीच सोय झाली असती. पण म्हाताऱ्याला सोय नको होती.

आम्ही तिथे कशाला गेलो होतो ते सांगते. पूर्व आफ्रिकेतल्या एका देशाच्या सरकारने ठरवलं होतं की राजधानीपासून काही तासांवरच्या मोकळ्या माळावर नवंकोरं तंत्रज्ञानाचं शहर वसवायचं. देशाचं नाव मी मुद्दामच सांगत नाही. तिथे मला माणसं चांगली भेटली आणि त्यांना माझ्यामुळे त्रास नको. शहराचं नाव मात्र सांगते, 'जिजी ला केशो', म्हणजे उद्याचं शहर. डेटा सेंटरं, विद्यापीठ, सॉफ्टवेअर कंपन्यांच्या काचेच्या इमारती, मधून धावणारी ट्राम. सरकारी पुस्तिकेतल्या चित्रांमध्ये झाडंसुद्धा त्या देशातली नव्हती. सिंगापूरची उचलून लावलेली होती. आराखडा करायचं काम आमच्या पुण्याच्या सल्लागार कंपनीला मिळालं आणि मुख्य नियोजक म्हणून श्रीनिवास उपळेकर नेमले गेले. मी त्यांच्या हाताखाली. माझी ती दुसरीच नोकरी होती.

सरांची सगळी हयात राज्य सरकारच्या नगररचना खात्यात गेली होती. विकास आराखडे करायचे, हरकती-सूचना मागवायच्या, सुनावण्या घ्यायच्या आणि मग वरून फोन आला की आपण मारलेली रेघ आपणच पुसायची, असं ते आयुष्य. एकदा जेवताना मला म्हणाले होते, "किती गायरानं माझ्या डोळ्यांदेखत गेली, सांगता येणार नाही. रेघ माझ्या हातची, पण हात दुसऱ्याचा. इथे पहिल्यांदा मी मुख्य आहे. इथे रेघ माझी." त्या वयात एवढा आनंद झालेला माणूस मी पाहिला नव्हता. सकाळी अंघोळ करून, गंध लावून, टोपी घालून माळावर निघायचे आणि ज्युलियसला दमवायचे.

ज्युलियस हा सरकारी भूमापक, आमच्या दिमतीला दिलेला. तो त्याच मुलखातला, त्यामुळे गुराख्यांची भाषा त्याला येत होती. उपग्रहाच्या चित्रात माळ मोकळा दिसत होता आणि सरकारी कागदांतही तो मोकळाच होता. पण सरांनी पहिल्याच आठवड्यात गाडी थांबवली आणि खाली उतरले. गवतात रुंद, घट्ट, तुडवलेला पट्टा होता, जागेच्या बरोबर मधून पूर्वेला गेलेला. सर वाकले, शेणाचा सुकलेला पो उचलून पाहिला आणि मला म्हणाले, "शर्वरी, ही पाणंद आहे गं."

होतीच. पश्चिमेच्या कुरणातली गुरं उन्हाळ्यात याच वाटेने टेकडीखालच्या झऱ्यावर जात. दुसरं पाणी त्या दिवसांत कुठे नसे. वळसा घालून जायचं तर वाटेत पाण्याचा थेंब नाही. थकलेली गाय तेवढं चालत नाही. पाणंद बंद म्हणजे गुरं संपली, आणि त्या लोकांकडे गुरांशिवाय दुसरं काही नव्हतं. म्हणून त्यांनी भूमी मंडळाकडे हरकत घेतली होती. हरकतीमुळे सगळा प्रकल्प अडला होता, आणि मंत्रालयाला घाई होती.

सरांनी तोड काढली. शहराच्या मधून रुंद हिरवा पट्टा सोडायचा, त्यावर एकही इमारत नाही, रस्ते त्याच्या खालून न्यायचे आणि गुरं वरून जाणार. "डेटा सेंटरच्या खिडकीतून गाई दिसल्या तर बिघडलं कुठे?" असं ते म्हणायचे. मंत्रालयाने मान डोलावली. कंपनीने मान डोलावली. आता गुराख्यांनी हरकत मागे घेतली की झालं.

ते सांगायला आम्ही त्या दिवशी वस्तीवर गेलो होतो. वस्तीचा प्रमुख सैतोती. सगळे त्याला 'म्झे' म्हणत. आपल्याकडे आबा म्हणतो तसं. उंच, सुकलेला, एका डोळ्यात फूल पडलेलं. त्याने सरांचा नकाशा नीट बघितला. बोट ठेवून पाणंद कुठे, झरा कुठे ते विचारलं. मग म्हणाला, "कागद आमच्याकडे पुष्कळ येऊन गेले. आम्ही अंगठे दिले, पुढे काय झालं ते कुणी सांगायला आलं नाही. तू शब्द देतोस, तर आमच्या रीतीने दे."

रीत अशी होती. शब्द देणाऱ्यासाठी बकरं कापायचं. त्याने सगळ्यांसमोर आपल्या मुलाचं नाव घ्यायचं आणि त्या नावाने मांस खायचं. शब्द पाळला तर सगळं ठीक. मोडला, तर ते त्याच्यावर येत नाही. ज्याचं नाव घेतलं त्या मुलावर येतं. ज्युलियसने हे सांगताना आवाज बारीक केला.

"मुलं किती तुला?" म्हाताऱ्याने विचारलं.

"एकच मुलगी."

"नाव?"

सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "मेधा," ते म्हणाले.

"बाबा मेधा," म्हातारा म्हणाला. मग सगळ्यांनी ते नाव एकदा उच्चारून पाहिलं. त्या मुलखात बापाला मुलाच्या नावाने हाक मारतात. सर तेव्हापासून तिथे बाबा मेधाच झाले.

"सर, अहो, विचार करा," मी म्हणाले. "नावाचं तरी—"

"अगं, रेघ मी मोडणारच नाही, मग मेधाचा प्रश्न येतोच कुठे?" ते म्हणाले आणि हसले. मग त्यांनी बाटलीतलं पाणी हातावर घेतलं, सवयीने डहाळ्यांभोवती फिरवलं, बाजूला थेंब सोडले. रोज ताटाभोवती करत तसंच. आपण काय करतोय हे त्यांच्या लक्षातही आलं नसावं. गुराख्यांना मात्र ते फार पटलं. यालाही काही रीतभात आहे, असं एकमेकांना म्हणाले असणार.

मग सरांनी मांस तोंडात घातलं. चावत राहिले. डोळ्यांतून पाणी येत होतं, पण थुंकले नाहीत, थांबले नाहीत, गिळलं. दुसरा तुकडा त्यांना कुणी दिला नाही, तो त्यांनी स्वतः उचलला. म्हाताऱ्याने त्यांच्या डोक्यावर हात ठेवला.

परतताना गाडीत सरांनी आधी टोपी काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाले, "घरी सांगू नकोस हं. हिला वाईट वाटेल." हिला म्हणजे त्यांच्या बायकोला.

"कसं लागलं, सर?"

"मीठ कमी होतं," ते म्हणाले, मी ते ज्युलियसला इंग्रजीत सांगितलं, आणि आम्ही तिघंही इतके हसलो की ज्युलियसला गाडी बाजूला घ्यावी लागली.

त्याच आठवड्यात गुराख्यांनी हरकत मागे घेतली.

पुढचे काही महिने मी आयुष्यात इतकं मनापासून काम केलेलं नाही. आराखडा मंजूर झाला. मंत्र्यांनी फीत कापली, भाषण केलं, हिरव्या पट्ट्याचं कौतुक केलं आणि सरांशी हात मिळवताना फोटोग्राफरकडे बघितलं. मेधाला दिवस गेल्याचा फोनही त्याच सुमारास आला. लग्नाला खूप वर्षं झाली होती, औषधं, डॉक्टर, सगळं करून झालं होतं. सरांनी कॅम्पवर स्वतः शिरा केला आणि ज्युलियसने तो वाटीभर वस्तीवर नेला. म्हाताऱ्याने निरोप पाठवला, की बाबा मेधाला नातवंड होतंय, आम्हाला आनंद आहे.

मग पुण्याहून सबनीसांचा फोन आला. विक्रम सबनीस म्हणजे आमच्या कंपनीचे संचालक. गोड बोलणारा माणूस. नकार देतानासुद्धा समोरच्याला वाटावं, काहीतरी मिळालंच.

"उपळेकर साहेब, एक छोटासा बदल आहे. परदेशी गुंतवणूकदार आलाय, त्याला एकसलग जागा हवीय. मधला हिरवा पट्टा तेवढा उत्तरेला कुंपणाबाहेर सरकवायचा. पट्टा राहतोच आहे."

"सबनीस, तो पट्टा बाग नाही. ती वाट आहे. वाट सरकवली तर ती पाण्यावर जात नाही."

"साहेब, तुम्हाला मी काय सांगणार? मंत्रालयाने ठरवलंय. आपण सल्लागार."

"मी रेघ बदलणार नाही."

"तुम्ही नका बदलू," सबनीस शांतपणे म्हणाले. "पुण्यात ऑफिसात मुलं आहेत, ती करतील. सहीसुद्धा तुमची लागणार नाही. तुमच्या मनाविरुद्ध मी काहीच करायला लावणार नाही, साहेब."

फोन ठेवल्यावर सरांनी टेबलावरचा नकाशा गुंडाळून ठेवला. मला वाटलं, चिडतील. चिडले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "शर्वरी, मला वाटत होतं रेघ मारणाऱ्याच्या हातात काहीतरी असतं. त्या म्हाताऱ्यालाही तेच वाटलं. सगळी हयात खात्यात काढून मला हे कळू नये?"

खरं सांगायचं तर त्या दिवशी बकरं चुकीच्या माणसासाठी कापलं गेलं होतं. ते मंत्र्यांना वाढायला हवं होतं. पण मंत्र्यांनी ते मिटक्या मारत खाल्लं असतं, हाडं चोखली असती, आणि त्यांना ते अजिबात बाधलं नसतं.

आम्ही राजधानीत गेलो. मंत्रालयातल्या उपसचिवांनी चहा पाजला. सज्जन दिसणारा, हळू बोलणारा माणूस होता. सरांनी सगळं समजावून सांगितलं, नकाशा उलगडून दाखवला, गुरांचं, उन्हाळ्याचं, झऱ्याचं.

"तुमची तळमळ मला कळते," उपसचिव म्हणाले. "पण तिथल्या लोकांची हरकत नाही. नोंदीवर एकही हरकत नाही."

"हरकत होती. त्यांनी ती मागे घेतली, कारण मी त्यांना शब्द दिला."

"म्हणजे तुम्ही आमचं काम फार चांगलं केलंत," तो म्हणाला. उपरोध नव्हता त्यात. त्याला खरंच तसं वाटत होतं, आणि तेच ऐकवत नव्हतं.

"त्यांना परत हरकत घेता येईल?"

"मुदत संपली."

जिन्यावरून उतरताना सरांचा पाय अडखळला. मी हात धरला, तो त्यांनी सोडवला नाही. गाडीत बसल्यावर त्यांचा फोन वाजला. नागपूरहून जावयाचा होता. मेधाला दवाखान्यात ठेवलं होतं. रक्तदाब वाढला होता. डॉक्टरांनी पूर्ण झोपून राहायला सांगितलं होतं, काही सांगता येत नाही म्हणाले होते.

सर काही भोळसट माणूस नव्हते. संध्या करायचे, पण मांजर आडवं गेलं म्हणून थांबणारे नव्हते. तरीही फोन ठेवल्यावर त्यांनी तोंडावर हात धरला आणि हाताआडून म्हणाले, "मी तिचं नाव घ्यायला नको होतं."

"सर, याचा आणि त्याचा काय संबंध? उगाच काहीतरी मनात आणू नका. दुसरं काही कारण असेल."

"असेल."

"मग?"

"मग काही नाही. पण तिचं नाव मी माझं असल्यासारखं देऊन आलो ना गं."

ज्युलियस आरशातून बघत होता. मराठी त्याला कळत नव्हती, पण त्याला सगळं कळलं होतं.

पुढे काय काय झालं ते आधीच सांगून टाकते, म्हणजे शेवटी मला त्या सकाळपाशी थांबता येईल. मेधा सुखरूप बाळंत झाली, मुलगी झाली, दोघी छान आहेत. शहर झालं नाही. परदेशी गुंतवणूकदार दुसऱ्या देशात गेला, सरकार बदललं, आणि उद्याचं शहर परवावर ढकललं गेलं. कुंपण मात्र झालं होतं. ते सगळ्यात आधी झालं. त्या उन्हाळ्यात गुरं वळशाच्या वाटेने गेली आणि बहुतेक वाटेतच पडली. वस्ती मोडली. म्हातारा कुठे गेला ते ज्युलियसलाही नक्की सांगता आलं नाही. वस्तीतली काही तरणी माणसं त्याच कुंपणाच्या फाटकावर पहारेकरी म्हणून लागली. गणवेश घालून, आत काही नसलेल्या जागेची राखण करत. सर परत आल्यावर त्यांनी पुन्हा नियोजनाचं काम घेतलं नाही. पुण्यात मी भेटायला गेले की चहा द्यायचे, नातीचं कौतुक करायचे, पण त्या माळाचं नाव काढलं की उठून झाडांना पाणी घालायला जायचे. आता तेही नाहीत.

आता ती सकाळ.

राजधानीतून परतल्यावर सर म्हणाले, "मला वस्तीवर जायचंय. कुंपणाचे खांब दिसायच्या आधी मी स्वतः सांगणार."

"कंपनी म्हणेल, तुम्ही लोकांना भडकावलंत," मी म्हणाले.

"म्हणू दे."

ऊन नुकतं वर येत होतं. गुरं अजून आवारात होती, पोरं दूध काढत होती. आम्हाला बघून बायका हसल्या, "बाबा मेधा, बाबा मेधा" अशी हाक झाली. सरांनी हसायचा प्रयत्न केला, तो जमला नाही.

म्हातारा बाहेर आला. सर त्याच्यासमोर उभे राहिले. बसा म्हटलं तरी बसले नाहीत. खाली मान घालून त्यांनी सगळं सांगितलं, ज्युलियस वाक्यावाक्याने पोचवत होता. पाणंद बंद होणार. मी अडवायला गेलो, जमलं नाही. तुम्ही हरकत मागे घेतली ती माझ्या शब्दावर, आणि आता मुदत गेली. मला वाटलं होतं माझ्या हातात आहे. नव्हतं.

बोलणं संपलं तरी कुणी ओरडलं नाही. मागे उभ्या असलेल्या एका तरुणाने हातातली काठी जमिनीवर आपटली, तर म्हाताऱ्याने त्याच्याकडे एकदा बघितलं, आणि तो निघून गेला. गाई हंबरत होत्या. त्यांच्याकडे बघायची माझी हिंमत होईना.

म्हाताऱ्याने ज्युलियसला काहीतरी विचारलं. ज्युलियस गडबडला, मग त्याने उत्तर दिलं. बराच वेळ दिलं.

"काय विचारलं?" सर म्हणाले.

"तुमच्या मुलीची तब्येत विचारली," ज्युलियस म्हणाला. "मी खरं ते सांगितलं. माफ करा."

म्हातारा वळला आणि आत काहीतरी ओरडला. घरातली बाई ताजं दूध भरलेला, सुकवून पोकळ केलेला भोपळा घेऊन आली. कर्ते पुरुष एकेक करून जवळ आले, त्या दिवशीसारखे गोल करून उभे राहिले. मला वाटलं, पाहुणचार. मनात म्हटलं, आत्ता दूध पाजू नका हो या माणसाला, त्याच्या घशाखाली उतरायचं नाही.

"हे प्यायचं नाही," ज्युलियस म्हणाला. "तोंडात घ्यायचं, खळखळून जमिनीवर टाकायचं. शब्द बाहेर पडतो. मग तो कुणावर राहत नाही."

सरांना समजायला वेळ लागला. समजलं तसे ते एक पाऊल मागे गेले.

"नाही," ते म्हणाले. "त्यांना सांग, नाही. मी खाल्लंय. मी शब्द दिलाय. मोडला तो माझ्या हातून मोडला. मला सोडवू नका."

ज्युलियसने सांगितलं. म्हाताऱ्याचा चेहरा बदलला नाही.

"हे तुझ्यासाठी नाही," तो म्हणाला. "ती पोर झोपून आहे, पोटात दुसरं आहे. त्यांनी आमचं काय केलंय?"

"मग तुमच्या गाईंनी काय केलंय?" सर एकदम ओरडले, मराठीत. ज्युलियसकडे बघून इंग्रजीत परत सांगायचंही त्यांना सुचलं नाही. पण म्हाताऱ्याला ते सांगावं लागलं नाही.

"आम्हाला आता लांब चालायचंय," तो म्हणाला. "तुझ्या पोरीचं ओझं घेऊन आम्ही चालणार नाही."

सर उभेच. मी त्यांना इतकं एकटं कधी पाहिलं नव्हतं. त्यांना काय हवं होतं ते मला तेव्हा दिसलं. राग हवा होता. चार शिव्या, एखादा धक्का, काहीतरी. आपण त्या पाणंदीचे देणेकरी आहोत एवढं तरी राहावं. कारण मंत्रालयात, कंपनीत, पुण्यातल्या नव्या नकाशात, त्या वाटेसाठी बांधलेलं आता दुसरं कुणीच नव्हतं. जगात एकच माणूस उरला होता, आणि हे लोक त्यालाही मोकळं करायला निघाले होते.

म्हाताऱ्याने भोपळा पुढे धरला. "बाबा मेधा," तो म्हणाला. बाकीच्यांनीही म्हटलं. बायकांनीही.

सर माझ्याकडे वळले. "शर्वरी, काय करू गं?"

मला वडिलांच्या वयाच्या माणसाने आयुष्यात पहिल्यांदा असं विचारलं होतं. मी म्हणाले, "घ्या, सर. मेधासाठी घ्या."

त्यांनी दोन्ही हातांनी भोपळा घेतला. दूध तोंडात घेतलं. कितीतरी वेळ तसेच उभे राहिले, गाल फुगवून, लहान मूल औषध गिळत नाही तसे. मग वाकले आणि दूध मातीत सोडलं. मातीने ते लगेच पिऊन टाकलं. म्हाताऱ्याने पायाने वरून थोडी माती सारली.

सरांनी बाहीने तोंड पुसलं. "विचार त्यांना," ते ज्युलियसला म्हणाले, "आता माझ्यावर काय राहिलं?"

ज्युलियसने विचारलं. म्हातारा थोडं हसला. दयाळू होतं ते हसणं, आणि मला ते आजही नको वाटतं.

"काही नाही म्हणतात," ज्युलियस म्हणाला. "तुम्ही आता पाहुणे."

आणि पाहुण्यांना पोचवतात तसे ते सगळे, म्हातारा पुढे, बायका-पोरं मागे, आम्हाला गाडीपर्यंत पोचवायला आले.